प्रासुक

आडाचं पाणी शेंदून घागरीत ओतताना
घागरीच्या तोंडाला दुपदरी मांजरपाट.
घागर भरली की आई फडकं उलटं करून
तांब्याभर पाण्यात हलक्या हाताने खळबळायची
आणि ते पाणी परत आडात सोडायची.
त्यात जीव असतात, म्हणायची,
दिसत नाहीत म्हणून नसतात असं नाही.

आप्पा समडोळीच्या बस्तीत उपाध्ये.
पहाटे पंचामृत, मग मूर्तीवरून ओघळलेलं गंधोदक
आधी आमच्या डोळ्यांना, मग कपाळाला.
डाव्या भिंतीवर जंबुद्वीप रंगवलेलं,
मध्ये मेरू, भोवती दोन सूर्य, दोन चंद्र,
पाळीपाळीने फिरणारे,
वरातीतल्या गॅसबत्त्यांसारखे.
उजव्या भिंतीवर नरक.
तिकडे मी बघायचे नाही.
बघायचेच.

सातवीत मुजावर सरांनी विचारलं, सूर्य किती?
मी म्हटलं, शाळेत की बस्तीत?
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
मैदानात काठी रोवून दिली,
दर तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा.
आठ दिवस ठेवले.
सूर्य दोन असते तर दिवसाआड
ओळ जराशी तरी चुकली असती, असं मला वाटलं.
याने काही सिद्ध होत नाही, सर म्हणाले,
पण तुला वाटलं ते वहीत लिही, तारखेसकट.

सांगलीला कॉलेजात गेले,
पहिल्याच सुट्टीनंतर डब्याबरोबर बाटली नेली,
आमच्याच आडाचं पाणी, दोनदा गाळलेलं.
काचेखाली चपलेच्या तळव्यासारखे जीव
एकमेकांना धडकत, वळत, पुन्हा धडकत.
आई बरोबर होती.
फडकं चुकत होतं.

मग कधीतरी गंधोदकही नेलं, चोरून.
दुसऱ्या दिवशी तबकडीत पिवळ्या वसाहती,
हळदीच्या हाताचे ठसे उठावेत तशा.
ते मी घरी सांगितलं नाही.

नरक आधी गेला. त्याचं काही वाटलं नाही.
पुढच्या जन्मावर मात्र मी खूप दिवस अडले.
धाकटी पद्मल काविळीने गेली, नऊ वर्षांची.
ती कुठेतरी जन्मली असेल, शाळेत जात असेल,
एवढ्या आधारावर आई दोन घास खायची.
कावीळ कशातून होते ते मी परीक्षेत लिहिलं,
दहापैकी नऊ गुण.
आईजवळ तो धडा कधी उघडला नाही.

आप्पांना एकदाच सांगितलं,
मिरजेच्या स्टँडवर, मी आता काही मानत नाही.
ते धोतराचा सोगा झटकत म्हणाले,
जगाला कर्ता नाही हे तर आपणच सांगत आलो.
म्हटलं, हो आप्पा, मी तिथूनच पुढे निघाले.
बस आली. गर्दीत घुसून
त्यांनी माझ्यासाठी खिडकीवर रुमाल टाकला.

यंदा त्यांचा मोतीबिंदू काढला,
मी काम करते त्याच इस्पितळात.
रात्री म्हणाले, पिशवीत गंधोदक आहे, जरा लाव.
मी बाटली घेऊन खाली लॅबमध्ये गेले.
ऑटोक्लेव्ह, एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
डोळ्यावर पट्टी होती, तिला हात लावू दिला नाही,
कपाळालाच बोट टेकवलं.
कोमट कसं, त्यांनी विचारलं.
उकळलंय.
प्रासुक केलंस, म्हणाले,
मुनींनासुद्धा चालतं, आणि झोपले.

उरलेलं बेसिनमध्ये ओतवेना.
मागच्या दाराशी कढीपत्त्याचं झाड आहे,
त्याच्या मुळाशी वाकून ओतलं,
हलक्या हाताने, आईसारखं.
त्यात आता जिवंत काहीच नव्हतं,
हे मला पक्कं ठाऊक होतं.