रेघा

शिरोड्याला, इनास रॉड्रिग्जच्या माडांत
उभी होती: टेंपो ट्रॅव्हलर, आत ओटा, बाकडं, पडदे.
"इंजिन सोन्यासारख्या आसा," तो म्हणाला.
मी वाकून खालचा पत्रा नखाने खरवडला.
खाऱ्या वाऱ्याने तिथे आधीच हात फिरवलेला.

सिंकपाशी फळी पायाखाली दबली.
प्रभावतीने कपाट उघडलं:
सुकटाचा वास, आणि दाराच्या कडेला
पेन्सिलीच्या आडव्या रेघा,
कुणाची तरी उंची,
साडेतीन फुटांवर थांबलेली.

मी भाव पाडायला तोंड उघडलं.
ती म्हणाली, "हे पुसायचं नाही हं."

इनासने अंगणातली कोंबडी हाकलली,
विनाकारण.
मग पाऊण लाख कमी सांगितले,
आपणहून.

आम्ही टायर बघत राहिलो,
बराच वेळ.