ज्याची पत्रावळ

रेडीच्या बंदरात, खनिजाच्या लाल धुळीखाली
मी काचेच्या धाग्याचं एक कडं पुरलं होतं:
काटाघर, प्रयोगशाळा, धक्का, कस्टम,
आणि फिरून काटाघर.

उजेड धावायचा. टोकन ज्याच्या हाती त्यानेच बोलायचं,
बाकीच्यांनी ऐकायचं, हवं ते उतरवून घ्यायचं, पुढे द्यायचं.
फेरा पुरा झाला
की बोलणाऱ्यानेच आपलं बोलणं कड्यातून काढायचं.

काट्यावरचा हमीद होडेकर हसला,
"म्हंजे ज्येची पत्रावळ त्येनाच उचलूची. एवढाच ना?"

एवढंच.
फक्त एक बारकावा मी त्याला सांगितला नाही:
आलेली फ्रेम आपलीच आहे, हे पत्ता वाचल्यावर कळतं,
आणि पत्ता वाचेपर्यंत
तिचं डोकं पुढे निघून गेलेलं असतं.
आपण पुसतो ते मागचं धड.

त्या मार्गशीर्षात दोन बार्जांचं वजन जुळेना.
टपरीवर, कपातली साय बोटाने काढता काढता
मी बोलून गेलो: हमीदचा हात काट्यावर जड पडतो.

टपरीवरून धक्क्यावर, तिथून शिरोड्याच्या बाजारात,
मासळीच्या पाट्यांबरोबर परत वर.
रविवारी नारळ पाडायला आलेला माणूस
माडावरूनच मला म्हणाला,
"आयकलास? हमीदचो हात..."

तोवर मला सापडलं होतं:
माझ्याच एका जोडणीत लाल धूळ,
चार ट्रकांची वजनं तिथेच गळत होती.

मग दारोदार गेलो. चूक माझी, म्हणालो.
सगळ्यांनी मान डोलावली.
पण उचलणं म्हणजे खोडणं नव्हे,
ज्याने त्याने आपली प्रत केव्हाच ठेवून घेतली होती.
आणि ते बिनधडाचं डोकं, "हमीदचो हात",
फिरतच राहिलं. पुढचं ज्याचं तो जोडायचा.

कँटीनमध्ये एकदा कुणीतरी पुन्हा सुरू केलं.
बोलायची पाळी ल्युसी फर्नांडिसची होती,
कस्टमच्या टेबलावरची, मितभाषी.
तिने ते ऐकलं, पुढे दिलं नाही,
"आज भरती कितीची?" एवढंच विचारलं
आणि आपले कागद पुढे सरकवले.

कड्याचाही नियम तोच आहे. तुकडे असेच मरतात,
ज्याच्या हाती टोकन
त्याच्या दारात.

हमीद मात्र त्यानंतर
वजनाची चिठ्ठी हातात देत नसे.
खिडकीत ठेवायचा,
वर खनिजाचा एक खडा.