तोलाई

सकाळी सहाला गाळा उघडतो,
काट्यावरची कालची माती फडक्यानं पुसतो,
बटण दाबतो.
शून्य येतं. लाल, थोडं थरथरतं,
मग ठरतं.
तेवढ्यात माझी प्रार्थना उरकते.

लांब प्रार्थना मला येत नाही.
ती कोपरखैरण्याच्या खोलीत रविवारी पाळक करतात,
आणि आशालता मावशी नको तिथं आमेन म्हणते.

प्रभू, मी मापाडी.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकवीस वर्षं
दुसऱ्यांचा माल तोलला.
त्यातली नऊ वर्षं
मालाबरोबर पायाचा अंगठाही तोलला.
काट्याच्या कडेवर, किंचित.
गोणीमागं दोन किलो.
शनिवारी शेठ हातात वेगळी नोट सरकवायचा,
मी ती मोजायचो नाही.
मोजण्याचा तेवढाच कंटाळा होता मला.

मग तू मला उचललंस.
कसं, ते साक्ष देताना नीट सांगता येत नाही.
लोकांच्या साक्षीत दारू असते, आजार असतो,
अंधाऱ्या रात्री प्रकाश पडतो.
माझ्याकडं फक्त एक अंगठा.
त्याच्यासाठी तू खिळे सोसलेस म्हणतात.
हिशोब जुळत नाही, प्रभू.
आयुष्यभर हिशोबातच उभा राहिलो,
म्हणून सांगतो : जुळत नाही.

रात्री शास्त्र उघडतो.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली,
रूथ म्हणते, पपा, नवा घ्या.
मला वाटायचं, आत नुसतं स्वर्गाचं असेल,
देवदूत, ढग, तुताऱ्या.
आणि पान उलटतो तर तराजू!
पिशवीतली खरी-खोटी वजनं,
कुणाचं माप किती भरलं याची विचारपूस.
तीन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी
माझ्यासारखाच कडेवर पाय ठेवून उभा होता
आणि तू बघत होतास.
मी पुस्तक मिटलं.
पाणी प्यायलो.
परत उघडलं.

शहाणपण दे, असं मागत होतो रोज.
वाटलं होतं, दिवा लागावा तसं मिळेल.
मिळाला एक पत्ता :
घणसोली, मारुतीच्या देवळामागं, मंजुळाबाईची खानावळ.
आठवड्याला चार गोण्या बटाटे न्यायची.
काट्याकडं कधी बघायची नाही,
माझ्याकडं बघायची.
'लिहा भिंगारदिवे, तुम्ही म्हणाल ते.'

रविवारी उपासनेनंतर गेलो.
पाकिटात अठरा हजार,
रूथच्या कॉलेजचे, तिला विचारून घेतलेले.
खानावळीच्या जागी सात मजली इमारत.
खाली मोबाइलच्या दुकानात तिचा मुलगा, निवृत्ती.
आई गेली, म्हणाला. दोन वर्षं झाली.
मी सगळं सांगितलं,
अंगठा, गोण्या, नऊ वर्षं.
मधेच एक गिऱ्हाईक कव्हर बघायला आलं,
तेव्हा थांबलो.
ते गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं.
पैसे घेतले असते तरी चाललं असतं.
तो हसला.
पाकीट माझ्याकडं सरकवलं, स्टूल ओढलं,
म्हणाला, बसा. चहा घ्या.

चहा गोड होता, फार गोड,
काचेच्या ग्लासात, वर फाटकी साय.
मी दोन्ही हातांनी धरला.
तोलता आला नाही.
घशाखाली उतरेना आणि संपूही नये वाटत होतं.

प्रभू, त्या दिवसापासून
तारण म्हटलं की मला तो ग्लास आठवतो.
पाळकांना सांगितलं नाही.
बायबलात तसं कुठं आहे का, शोधतोय अजून,
रोज एक पान, कधी अर्धंच.
पैसे पाकिटात तसेच आहेत.
त्यांचं काय करायचं, ते तू अजून बोललेला नाहीस.

मार्केटात मी काट्यापासून हातभर लांब उभा राहतो हल्ली.
गणपा हमाल विचारतो,
'भिंगारदिवे, काटा करंट मारतो का?'
मारतो, म्हणतो मी.
कधी कधी.