एकच दांडी

एंडेलने ती चाळीस युरोला विकली
आणि वर पोतंभर बटाटे दिले,
तेव्हाच कळायला हवं होतं
सौद्यात कोण बुडालंय ते.

हीउमा बेटावरचं त्याचं गवताचं कोठार,
मागच्या भिंतीला टेकलेली जावा.
टाकीवर कोंबड्यांचा अकरा वर्षांचा मुक्काम.
साखळी काढून हातात धरली
तर लोंबलीच नाही,
वाकडी, ताठ,
रुसलेल्या पोरासारखी तशीच राहिली.

मी फेरीबोटीवर गाड्या लावून घेते.
पुढे, पुढे, अजून थोडं, बस्स.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या चाकांना हात दाखवला,
स्वतः सायकलीपलीकडे गेले नाही.
एक्केचाळिसाव्या वर्षी लेखी परीक्षेला बसले,
शेजारच्या बाकावर भाच्याच्या वर्गातला मुलगा.
तो विचारत होता, तुम्ही पर्यवेक्षक का?

एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण बाळंत झाली असावी.
लोकर, वर्तमानपत्राचा भुगा,
आणि अर्धी सीट तिथंच सापडली.
एका कपट्यावर अजून वाचता येत होतं:
वारा ईशान्येकडून.
पुढचं तिनं कुरतडलेलं.

कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल आटून काकवी झालेलं.
जेटचं भोक केसाएवढं, तेही बुजलेलं.
तांब्याच्या तारेचा एक पदर सोडवून
श्वास रोखून आत घातला,
उजेडासमोर धरलं,
आणि पलीकडे दिसला
टाचणीच्या टोकाएवढा जून महिना.

या गाडीला एकच दांडी.
आत दाबून वर उभी केली की किक,
खाली पाडली की गिअर.
हे मला पुस्तकाने सांगितलं,
पायाला मात्र नडगीने समजावलं.

मग तीन दिवस किका.
नवे प्लग, नवी बॅटरी,
पॉइंटमधलं अंतर पुन्हा मोजलं,
तेल-पेट्रोलचं प्रमाण तर इतक्यांदा तपासलं
की झोपेतही पुटपुटत होते.
ठिणगी पडायची, निळी, टुमदार,
आणि पुढे काहीच नाही.
क्यूल्ली फोनवर म्हणाली, भंगारवाला शुक्रवारी येतो.
धाकटी बहीण असून
असं बोलते जणू तिनेच मला वाढवलं.

चौथ्या संध्याकाळी एंडेल आला.
बटाटे तुझे, म्हणाला, पोतं माझं.
मी रिकामं करून देईपर्यंत
तो गाडीपाशी उकिडवा बसला होता.
टाकीखालच्या कॉकवरची अक्षरं
कधीच झिजून गेलेली.
त्याने तो दोन बोटांनी फिरवला,
मी ज्याला चालू समजत होते
तिथून उलटा.
बोलला काही नाही.
पोत्याची घडी काखेत घातली
आणि फाटकाकडे चालू लागला.

मी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबले.
लाज वाटायलाही थोडी मोकळी जागा लागते.

सहाव्या किकेला आधी एकच सिलेंडर बोलला,
दुसरा नुसता ऐकत बसला.
मग त्यालाही राहवलं नाही.
धूर असा की मला माझाच हात दिसेना.
गंज, काजळी, उंदरांची उरलेली लोकर
सगळं मागून उडालं
आणि वाळत घातलेल्या चादरींवर
माझ्याच कर्तृत्वाचे ठिपके.

दांडी खाली पाडली. पहिला गिअर.
क्लच सोडला, म्हणजे सुटला.
गाडी आधी निघाली, मी नंतर.
विहीर गेली, लाकडाची रास गेली,
थांबवायचं कसं हे पुस्तकाच्या
ज्या पानावर होतं ते आठवेना,
आणि जुनिपरच्या झुडपाने
ते काम आपल्या अंगावर घेतलं.

चाळीस पावलं. मी मोजली,
परत ढकलत आणताना.

रात्रीचे अकरा, बाहेर अजून पांढरा उजेड.
सूप वाढून घेतलं.
चमचा तोंडाशी येईपर्यंत
दर वेळी अर्धा रिकामा होत होता.
इंजिन कोठारात केव्हाच गार पडलेलं,
माझ्या मनगटात ते चालूच.
बंद कुठून करायचं ते ठाऊक नव्हतं.
शोधलंही नाही.