जाळ्याखालून

पेठ रोडला लागलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते
आणि दाजींचा गुडघा बोलायला लागला होता.
गाडीत सात माणसं. आठवी ताईची पिशवी,
तिला खिडकीची जागा:
नागलीच्या भाकरी, खर्डा, उकडलेल्या शेंगा,
निसारभाईंच्या अम्मींनी दिलेले खजूर,
कोजागिरीचं उरलेलं, आटून रबडी झालेलं दूध.

तुंगलदऱ्यात हिरामण बेंडकोळी खळ्यावर उभा.
पायात रबरी स्लिपर.
आमच्या सगळ्यांच्या बुटांकडे त्याने एकदा बघितलं,
काही बोलला नाही,
चालायला लागला.

आश्विन सरत आलेला. बोरगडचं गवत
गुडघ्याशी हिरवं, छातीशी पिवळं,
शेंड्याला दवाचं ओझं.
सोनकी संपत आलेली, उरली ती हट्टी.
ऊर्जिता वही घेऊन पुढे. वय वर्षं नऊ.
सातभाई मोजले तर पाचच निघाले.
तिने तसंच लिहिलं: सातभाई, पाच.

झाडीतून टुक्. टुक्. टुक्. आणि बंद.
‘तांबट,’ हिरामण म्हणाला. ‘अजून हंगाम नाही त्याचा,
घसा बघतोय नुसता.’
दाजी थांबले.
त्यांचं लहानपण तांबट आळीत गेलं, वडिलांच्या ऐरणीशेजारी.
हंड्यांवरचे ते ठोके अजून डाव्या कानात आहेत,
त्या कानाला दुसरं फारसं ऐकू येत नाही.
‘ठोका बरोबर आहे,’ ते म्हणाले,
‘पण घाई करतो.’

मग ती जागा.
वाटेच्या आरपार, हिरड्यापासून करवंदीपर्यंत
ताणलेलं जाळं, उन्हात पिवळंधमक.
मधोमध कोळ्याची मादी, पंजाएवढी,
आमच्या येण्याची काडीचीही दखल न घेता.
कडेला तिचा नवरा, जिऱ्याएवढा.
‘अगं बाई,’ ताई म्हणाली
आणि दाजींकडे बघून हसली.

निसारभाईंनी काठी उचलली.
ऊर्जिताने फक्त वही मिटली.
काठी खाली आली.

मग एकेक जण वाकला.
निसारभाई पोट सावरत, ताई ओढणी,
मी जवळजवळ रांगत,
हिरामण तर चालता चालताच,
घराच्या बुटक्या दारातून रोज जावं तसा.
राहिले दाजी. त्यांच्या गुडघ्यात स्टील.
‘जा तुम्ही. मी बसतो इथे,’ म्हणाले,
‘शेंगा तेवढ्या ठेवून जा.’

वर कड्यावर गिधाडांच्या पांढऱ्या रेघा,
कुणी चुन्याचा हात पुसल्यासारख्या.
गिधाडं दोन. लांब. इतकी लांब
की निसारभाई दुर्बिणीतून बराच वेळ घारच बघत होते.
पण वारा होता. खाली खुरासणीची पिवळी ठिगळं होती.
आणि आम्ही, एरवी फोनवरच भेटणारे,
एका दगडावर दाटीवाटीने, खजुराच्या बिया
कुठे टाकायच्या यावर भांडत.

उतरताना दाजी दिसले. ओठांवर बोट.
समोर दहा पावलांवर काहीच नव्हतं,
हलती कारवी तेवढी.
‘भेकर,’ ते कुजबुजले. ‘अर्धा तास होतं.
शेंग फोडायचं थांबलो की कान टवकारायचं.
मग एका ठोक्यात फोडत राहिलो,
सावकाश. तर चरत राहिलं.’

त्यांना ते नीट सांगता येईना.
दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा शेंगांबद्दलच जास्त.
त्यांच्या पायाशी टरफलांचा ढीग,
आणि मांडीवर रुमालात
सगळे दाणे तसेच, एकही खाल्लेला नाही.

रामशेज मागे पडला तेव्हा गाडीत सगळे पेंगत होते,
गुडघासुद्धा.
ताईच्या केसांत एक तार चमकत होती,
पिवळी, तिच्या पांढऱ्या केसांहून बारीक.
कुणीतरी पुरतं वाकलं नव्हतं.