स्वप्नांचा रकाना

उपासरावांनी तिकीट कधीच काढलं नाही.
जिनिंगच्या काट्यावर बसून
अडीच वर्षं नुसत्या पद्धती तपासल्या,
दोनशेपानी वहीत, लाल-निळ्या शाईनं.

कापूसगाडीच्या वजनाचे शेवटचे दोन आकडे घेतले आधी.
पण काटा पाच-पाच किलोनं बोलतो,
सदतीस त्याच्या तोंडून निघणारच नाही,
हे आठव्या दिवशी ध्यानात आलं. रकाना खोडला.
मग हिंगणघाट गाडीची नंबरपाटी.
मग बरेच दिवस न आलेले आकडे
("थकले असन, येतीन आता," पानठेल्यावरचा गजू).
चहावालीच्या पोरीनं डब्यातून काढलेला चिंचोका.
आणि कौसल्याबाईंचं स्वप्न:
साप म्हणजे चौदा, लगीन म्हणजे एकाहत्तर.

शंभरात एक.
कुठं जरा जास्त, तर पुढच्या महिन्यात तेवढंच कमी.
चिंचोका कोणाच्याच मागे नव्हता.

"आता कायचे सपनं पडतेत मले,"
भाकर थापता थापता कौसल्याबाई बोलून गेल्या,
"दिवाळीपासून बंदच हायेत.
तुमी पेन उघडून बसता, म्हून सांगतो कायबी."

पट्टी ठेवून त्यांनी दिवाळीपासूनच्या ओळी कापल्या.
समासात लिहिलं: पुरावा ग्राह्य नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच
टोपण काढल्याचा आवाज.
"काय दिसलं?"
"नाला. अन् पल्याड तुमी,
चपला हातात घेऊन."

यादीत याला आकडा नव्हता.
अंकी जागा कोरी सोडून
त्यांनी ते अक्षरी लिहून घेतलं.