आवृत्ती सात

बेलापूरच्या सातव्या मजल्यावर
मी खाडीला रंग देते.
हॉटेलांना गुलाबी, व्हिलांना पिवळा,
गोल्फला तो हिरवा, जो कुठल्याच पानात सापडत नाही,
आणि पाण्याला निळा.
एकच निळा, कारण सूचीत एकच आहे.

खरी खाडी चहात पाव विसरल्यासारखी दिसते.
गुंतवणूकदारांना तशी दाखवता येत नाही.

फेब्रुवारीत पाहणीला गेलो, दिवाळ्याच्या पलीकडे.
साहेब बांधावर उभे, कपाळावर फाईल धरून.
मी जीपीएस घेऊन तिवरांत उतरले
आणि मांडीपर्यंत गेले.
हसुराम नाखवा शेजारीच जाळं धूत होते.
धावले नाहीत.
“हालू नको बाय. चिखल घाई करनाऱ्याला धरतो.”
फळी आडवी टाकली, काखेत हात घातला.
मी वर आले. डावा बूट नाही आला.
“ऱ्हाऊ दे. निवट्यांना घर झाला.”

त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश माझ्याकडे आहेत.
आराखड्यात तिथं स्पा येतो:
स्वागतकक्ष, लाकडी छत, दगडावरून झिरपणारं पाणी.
कठीण थर नऊ मीटरवर. भराव दोन मीटर.
खर्च, पान एकेचाळीस.
बूट कुठल्याच पानावर नाही.

म्हणून एका रात्री, ऑफिसात कुणी नसताना,
मी तिथं बारीक वर्तुळ काढलं. नाव दिलं नाही.

तिसऱ्या आवृत्तीत मरिना सरकली.
चौथीत कोळीवाड्याचं ‘सांस्कृतिक अनुभव केंद्र’ झालं.
पाचवीत जाळी वाळवायची जागा पार्किंगखाली गेली
(ती रेघ मीच ओढली).
सहावीत एक तळं वाढलं.
वर्तुळ तसंच. कुणी विचारलं नाही.

हरकती-सूचनांच्या दिवशी
शाळेच्या फळ्यावर सातवी टांगली,
खाली पुसट राहिलेला नऊचा पाढा.
लोक ओरडून बोलले.
इतिवृत्तात सगळ्याचं ‘नोंद घेतली’ झालं.

हसुराम शेवटी उठले.
निळ्यावरून बोट फिरवत राहिले, बराच वेळ.
“याला भरती हाय ती समजली.
सुकती कवा?”
साहेब हसले, घड्याळ बघितलं.

बोट पुढं सरकलं आणि थांबलं.
बरोबर तिथंच.
वाकून त्यांनी वर्तुळ बघितलं,
मग वळून माझे पाय.

चपला घातल्या होत्या मी.